जावाचा उंबरठा ठेंगणा झाला, पुढे काय?

गेली तीस वर्षे जावा शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच तासाला 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' हा मंत्र पाठ करावा लागत असे. त्याचा अर्थ विचारल्यास 'तो पुढे कळेल' हे उत्तर ठरलेले. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावाच्या २५व्या आवृत्तीने ही सक्ती संपविली. २०२३ पासून चार आवृत्त्यांत प्रायोगिक स्वरूपात असलेली ही सवलत आता कायम झाली असून, छोट्या प्रोग्रॅमसाठी क्लास घोषित करण्याची आणि 'पब्लिक', 'स्टॅटिक' हे शब्द लिहिण्याची गरज उरलेली नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा जाहीर केली. अनेकांनी मिळून लिहावयाच्या मोठ्या प्रणालींत या शब्दांना निश्चित अर्थ आहे. नवशिक्याच्या दहा ओळींत मात्र ते ओझेच ठरत. त्यातही 'स्टॅटिक'ने अधिक घोटाळा केला. स्टॅटिक मेनमधून साधी मेथड थेट बोलावली की चूक दाखविली जाते. ती टाळण्यासाठी विद्यार्थी प्रत्येक मेथडला 'स्टॅटिक' जोडतो. परिणामी भाषा जावा, पण एकही ऑब्जेक्ट न घडविता विचार मात्र जुन्याच पद्धतीचा, अशी अवस्था होते.

ऑब्जेक्टची कल्पना वस्तुतः अवघड नाही. बँक खाते हा क्लास मानला, तर प्रत्येक खातेदाराचे खाते हा स्वतंत्र ऑब्जेक्ट. शिल्लक रक्कम खात्याच्या आत बंदिस्त असते; बाहेरून कोणी ती परस्पर बदलू शकत नाही. पैसे भरणे वा काढणे हे मेथडमार्फतच घडते आणि पुरेशी शिल्लक नसल्यास खाते स्वतःच नकार देते. 'एन्कॅप्सुलेशन' म्हणतात ते हेच.

राज्यातील तंत्रनिकेतनांत संगणक शाखेच्या पदविकेला जावा हा विषय आहे. मात्र परीक्षेत एन्कॅप्सुलेशनची व्याख्या लिहून गुण मिळत असतील, तर असे खाते स्वतः रचून पाहण्याची तसदी विद्यार्थी का घेईल? नव्या सवलतीत क्लास दृष्टीआड होतो, नाहीसा होत नाही. तो केव्हा आणि कशासाठी समोर आणावयाचा, हे शिक्षकालाच ठरवावे लागेल. अन्यथा एक मंत्र जाऊन त्याजागी दुसरा, थोडा आखूड मंत्र येईल, इतकेच.