केबलवरची आपली वाहिनी बंद पडू देऊ नका

23 मे 2024 रोजी भर दुपारी डोंबिवली एमआयडीसीतल्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. थोड्याच वेळात देशभरच्या वृत्तवाहिन्यांवर धुराचे लोट दिसू लागले. पण सोनारपाड्यात किंवा मानपाडा रस्त्यावर राहणाऱ्याला त्या घटकेला वेगळंच काही हवं होतं. कल्याण-शिळ रस्ता चालू आहे का? जखमींना कुठल्या रुग्णालयात नेलं? घराच्या काचा फुटल्या, तर पंचनाम्याला कोण येणार आणि कधी? हे दिल्लीच्या स्टुडिओत बसून सांगता येत नाही. ते सांगायला त्याच रस्त्यावरून रोज जाणारा, वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाला नावानं ओळखणारा बातमीदार लागतो.

असे बातमीदार आपल्याकडे आहेत. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत केबलवर चालणाऱ्या छोट्या वाहिन्यांनी ते घडवले. या वाहिन्या आज एकेक करून मंदावत चालल्या आहेत. काहींवर बातमीपत्राऐवजी दिवसभर जुनी गाणी लागतात. त्या टिकल्या पाहिजेत, आणि त्या टिकवणं आपल्या हातात आहे, एवढ्याचसाठी हा लेख.

2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची साडेबारा लाखांच्या आसपास होती. तीस लाखांची ही वस्ती टीव्हीच्या लेखी मात्र कायम मुंबईची शेपटी राहिली. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वरळीच्या मनोऱ्यावरून आपल्या घरांत चित्र आलं. त्या चित्रात आपलं गाव क्वचितच असायचं. ती उणीव भरून काढली केबलवाल्यांनी, नव्वदच्या दशकात, सरकारकडून एक पैसाही न घेता.

त्यांची कंट्रोल रूम म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या इमारतीच्या गच्चीवरची खोली. बाहेर डिश अँटेना, आत रॅकवर रिसीव्हर, व्हीसीआर आणि एक मॉड्युलेटर. त्या मॉड्युलेटरवर मोकळी फ्रिक्वेन्सी धरायची, आपलं चित्र तिच्यावर सोडायचं, की तारेच्या टोकाला असलेल्या प्रत्येक घरात ते दिसायचं. एक कॅमेरामन, एक निवेदिका, मागे पडदा. संध्याकाळी चित्रित केलेलं बातमीपत्र रात्री लागायचं आणि सकाळी पुन्हा. खालच्या सरकत्या पट्टीवर शुक्रवारी पाणी कुठे येणार नाही, रक्तदान शिबिर कुठे आहे, दहावीला शाळेतून पहिलं कोण आलं, कोण वारलं आणि अंत्ययात्रा किती वाजता निघणार. ती पट्टी वाचण्यासाठी घरातली वडीलधारी माणसं टीव्हीसमोर बसायची. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थाननं 1999 मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू केली, पुढे तिचं अनुकरण राज्यभर झालं. अशी शोभायात्रा चौकाचौकातून, पहिल्या ढोलापासून शेवटच्या चित्ररथापर्यंत दाखवायला राष्ट्रीय वाहिनीला वेळ नसतो. टेंभी नाक्याची देवी, दुर्गाडीचा नवरात्रोत्सव, मासुंदा तलावावरचं विसर्जन यांचंही तसंच. तिथे गावचाच कॅमेरा उभा राहतो.

मग ही घडी कुठे विस्कटली? 31 मार्च 2013 ही केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्याची मुदत होती, आणि त्या टप्प्यात ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरं होती. सेट टॉप बॉक्स आला. चित्र स्वच्छ झालं, वाहिन्या वाढल्या, ते चांगलंच झालं. पण गच्चीवरच्या मॉड्युलेटरचं काम संपलं. हॅथवे, डेन, सिटी, जीटीपीएल अशा अनेक शहरांत पसरलेल्या कंपन्यांच्या हाती बॉक्सची किल्ली गेली. गावच्या वाहिनीला आता कंपनीच्या यंत्रणेत शिरून, तिथे नंबर मिळवून, पुन्हा गावात यावं लागतं. तो नंबर शेकड्यांच्या गर्दीत कुठेतरी असतो, आणि बदलला तर आजोबांना वाहिनी सापडत नाही. फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची नवी दररचना आली, बिल कळेनासं झालं म्हणून अनेकांनी केबलच काढली. उरलेल्यांना मोबाइलनं आणि ब्रॉडबँडनं ओढून नेलं. ग्राहक घटले की जाहिरात घटते आणि कॅमेरामनचा पगार थांबतो.

कायद्याचंही नीट पाहू. 1995 च्या केबल कायद्यानं दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणं बंधनकारक केलं आहे. स्थानिक वाहिनीसाठी तसं बंधन नाही. 30 नोव्हेंबर 2022 ला केंद्रीय माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं या वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत चांगलं बरंच आहे. एका वाहिनीची नोंदणी फक्त 1,000 रुपयांत, तीही ऑनलाइन. प्रत्येक जिल्ह्यासाठी आणखी दोन वाहिन्यांची मुभा. दाखवलेल्या प्रत्येक गोष्टीचं रेकॉर्डिंग 90 दिवस जपण्याची सक्ती. मात्र स्थानिक बातम्या द्यायच्या तर नोंदणीकृत कंपनीच हवी, आणि एका कंपनीच्या केबलवर दाखवलेला कार्यक्रम दुसऱ्या कंपनीच्या केबलवर दाखवायचा नाही. अपवाद कशाला? देवळं, गुरुद्वारांसारख्या धर्मस्थळांतल्या थेट प्रक्षेपणाला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आरती सगळ्यांनी पाहावी हे योग्यच आहे, पण पालिकेची सर्वसाधारण सभा सगळ्यांनी का पाहू नये? रस्त्याच्या या बाजूला एका कंपनीची केबल, त्या बाजूला दुसरीची. पाणी दोन्हीकडे एकाच जलकुंभातून येतं आणि पाणीकपातीची बातमी मात्र एकाच बाजूला दिसते. ही अट बदलायला हवी.

कोणी म्हणेल, आता फोनवर सगळं कळतं, मग वाहिनी कशाला? फोनवर येतं खूप, पण गेल्या वर्षीच्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून आला तर जाब कोणाला विचारायचा? वाहिनीला पत्ता असतो, जबाबदार माणूस असतो, 90 दिवसांचं रेकॉर्डिंग असतं. 27 जुलै 2019 ला वांगणी-बदलापूरजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. असा पाऊस उल्हास नदीच्या काठाला नवा नाही. अशा रात्री खात्रीची एक जागा गावाला असलीच पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. या वाहिन्यांवर नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा फार असतात, टीका कमी असते. हे मला मान्य आहे. पण वाहिनीचं घर ज्या पैशावर चालतं, त्या पैशाचा आवाज तिथे ऐकू येणारच. तो पैसा प्रेक्षकांचा आणि गावातल्या दुकानदारांचा झाला, तरच वाहिनी पाठीचा कणा ताठ ठेवू शकेल.

छोटी वाहिनी काय करू शकते, हे आपल्या शेजारच्या राज्यानं पूर्वीच दाखवलं आहे. गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात, पीज गावी, इस्रोनं 1975 मध्ये अवघ्या एक किलोवॉटच्या ट्रान्समीटरवर टीव्ही केंद्र चालवलं. दिल्लीचे कार्यक्रम तर दिसायचेच, शिवाय शेतमजुरीपासून अस्पृश्यतेपर्यंतचे प्रश्न गावकऱ्यांच्याच तोंडून यायचे. 1984 मध्ये त्या प्रकल्पाला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. तरी पुढे ते केंद्र गेलंच. अमेरिकेत 1984 च्या केबल कायद्यानं शहरांना एक हक्क दिला : परवाना देताना केबल कंपनीकडून लोकांसाठी, शाळांसाठी आणि नगरपालिकेच्या कारभारासाठी काही वाहिन्या राखून मागण्याचा. आपल्या रस्त्यांखालून, आपल्या खांबांवरून तारा नेणाऱ्यांकडे आपल्या महापालिकांनीही हे मागायला काय हरकत आहे?

आता कामाचं बोलू. कल्याण-डोंबिवली महापालिकेत नोव्हेंबर 2020 पासून पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच होता, जानेवारी 2026 मध्ये निवडणूक झाली. ठाण्यातही बरीच वर्षं तसंच गेलं. नव्या नगरसेवकांनी सभेचं थेट प्रक्षेपण सर्व स्थानिक वाहिन्यांना विनामूल्य द्यावं, असा ठराव करावा. खासदारांनी दोन गोष्टी दिल्लीत मांडाव्यात : केबलवर जिल्ह्याची निदान एक वाहिनी दाखवणं बंधनकारक करावं, आणि स्थानिक बातम्या वाटून दाखवण्याची मुभा द्यावी. केबलचालकांनी आपसातली स्पर्धा बाजूला ठेवून एकत्र यावं, एक कंपनी नोंदवावी, बातमीदारांचा खर्च वाटून घ्यावा. हजार रुपयांची नोंदणी कोणालाही जड नाही.

आणखी एक काम तातडीचं आहे. जुन्या व्हीएचएस आणि मिनी-डीव्ही टेप कपाटांत बुरशी धरत पडल्या असतील. पहिल्या शोभायात्रा, 26 जुलै 2005 चा पूर, 2018 मध्ये पाडलेला कल्याणचा जुना पत्री पूल, आता हयात नसलेल्या किती तरी माणसांचं बोलणं त्यांत असू शकतं. 1864 पासूनचं कल्याण सार्वजनिक वाचनालय आणि 1893 चं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय या संस्थांनी पुस्तकं जपली, तशा या टेपही डिजिटल करून जपण्यासाठी पुढाकार घ्यावा. ज्यांच्या घरी अशा टेप असतील त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत.

दुकानदारांनो, मोठ्या वाहिनीवरची जाहिरात तुम्हाला परवडत नाही, ही परवडते. महाविद्यालयांतल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनो, उमेदवारीसाठी मुंबईची लोकल पकडण्याआधी गावातल्या वाहिनीचं दार ठोठावा. आणि घरोघरच्या प्रेक्षकांनो, या महिन्यात केबलचे पैसे घ्यायला माणूस येईल तेव्हा त्याला विचारा, आपल्या गावची वाहिनी कितव्या नंबरवर आहे? दिसत नसेल, तर ती कधी दिसेल हे त्याच्याकडून लिहून घ्या, आणि शेजाऱ्यालाही विचारायला सांगा.