गुणवत्ता आभाळातून पडत नाही: ‘म्यूझ’ या अल्बमच्या निमित्ताने



आमच्या अभ्यासिकेत मध्यंतरी एक वाद झाला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने रात्री जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर चेलो आणि पियानोचा एक अल्बम लावला. पाच-दहा मिनिटांतच एक कार्यकर्ता वैतागला. ‘हे श्रीमंत गोऱ्यांचं संगीत. आपल्या चळवळीशी याचा काय संबंध?’ दुसऱ्याने मोबाईलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, ‘अरे, वाजवणारे दोघेही काळे आहेत. बघितलंस? टॅलेंट असलं की कुणी अडवत नाही. कलेला जात नसते, रंग नसतो.’

माझ्या मते दोघेही चुकत होते. त्यातही दुसऱ्याची चूक जास्त धोकादायक आहे, कारण ती आपल्या डोक्यात बाहेरून भरवली गेली आहे. म्हणून हा लेख.

अल्बमचं नाव ‘म्यूझ’. २०२१ साली डेक्का कंपनीने तो काढला. चेलो वाजवलाय शेकू कॅने-मेसन याने आणि पियानो त्याच्या थोरल्या बहिणीने, इसाटाने. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात वाढलेली ही भावंडं. आई मूळची आफ्रिकेतल्या सिएरा लिओनची, वडिलांचं कूळ कॅरिबियन बेटांवरच्या अँटिग्वाचं. अल्बममध्ये दोन मोठ्या रचना आहेत. एक रशियन संगीतकार सर्गेई रखमानिनॉव याचा १९०१ सालचा सोनाटा आणि दुसरा अमेरिकन संगीतकार सॅम्युएल बार्बर याचा १९३२ सालचा सोनाटा. त्यांच्याच काही गाण्यांची चेलो-पियानोवर केलेली रूपं सोबत आहेत. युरोपात एकोणिसाव्या शतकात भावनेला मोकळी वाट करून देणारं जे संगीत रुजलं, त्याला रोमँटिक म्हणतात. हे दोघे त्या परंपरेच्या अगदी शेवटच्या टोकाला उभे आहेत.

आता मुद्द्यावर येऊ. ‘टॅलेंट असलं की कुणी अडवत नाही’ हे वाक्य या एकाच अल्बमवर तपासून पाहू. त्यात चार माणसं आहेत: दोन रचणारी, दोन वाजवणारी. या चौघांचं टॅलेंट कुणाच्या भाकरीवर वाढलं?

रखमानिनॉव जमीनदार घराण्यातला. पण बापाने इस्टेटी उधळल्या आणि घर मोडलं. मुलगा पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात नापासांच्या यादीत जाऊन बसला. तिथून त्याला मॉस्कोला निकोलाय झ्वेरेव या शिक्षकाकडे पाठवलं. हा झ्वेरेव निवडक मुलांना स्वतःच्या घरात ठेवून घ्यायचा. राहणं, जेवणं, शिकवणी यांचे पैसे घ्यायचा नाही. सरावाला घरात पियानो होता आणि डोक्यावर कडक शिस्त होती. पुढे १८९७ साली त्याची पहिली सिंफनी सपशेल पडली आणि तो खचला. काही वर्षं त्याला मोठं काही लिहिता येईना. तेव्हा निकोलाय दाल या डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले. त्यातून तो सावरला. दुसरा पियानो कॉन्चेर्टो त्याने याच डॉक्टरला अर्पण केला आणि त्याच्या पाठोपाठ आपला हा चेलो सोनाटा आला. म्हणजे या अलौकिक प्रतिभेच्या मागे फुकट वसतिगृह होतं, फुकट शिक्षक होता आणि पडल्यावर उभा करणारा डॉक्टरही होता.

आता बार्बर. हा अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. १९२४ साली ही संस्था निघाली. १९२८ पासून तिथे एकाही विद्यार्थ्याकडून शिकवणीची फी घेतली जात नाही. चेलो सोनाटा त्याने लिहिला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि कर्टिसमध्येच शिकत होता. आपल्या शिक्षकालाच, रोझारिओ स्कालेरोला, त्याने ती रचना अर्पण केली.

पण याच कर्टिसची दुसरी गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी. १९५१ साली एका काळ्या मुलीने तिथे प्रवेशासाठी परीक्षा दिली. तिला युरोपियन अभिजात संगीताची पियानोवादक व्हायचं होतं. तिला नाकारलं गेलं. आपल्या रंगामुळेच आपल्याला नाकारलं, असं ती आयुष्यभर सांगत राहिली. पोटासाठी ती बारमध्ये गाऊ-वाजवू लागली. ती नीना सिमोन. पुढे काळ्या जनतेच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा ती आवाज झाली. २००३ साली, ती मृत्यूच्या दारात असताना, कर्टिसने तिला मानद पदवी दिली. ५२ वर्षांनी!

फी माफ असणं पुरेसं नसतं, हे यातून शिकायचं. दारात कोण उभा आहे आणि तो कुणाला ‘लायक’ म्हणतो, हाही प्रश्न असतो. आपल्याकडे मुलाखतीच्या खोलीत काय चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता वाजवणाऱ्यांकडे या. शेकू-इसाटाचं घर झोपडपट्टीतलं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आई विद्यापीठात शिकवत होती, वडील व्यवसाय-व्यवस्थापनात. पण मुलं सात! सातही जणांना वाद्य शिकवायचं, म्हणजे सुशिक्षित घराचाही घाम निघतो. मुलं सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत गेली. दर शनिवारी नॉटिंगहॅमहून रेल्वेने लंडनला जाऊन रॉयल अकॅडमीच्या मुलांच्या वर्गात शिकली. शेकूला नवव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. आज तो वाजवतो तो चेलो १७०० साली व्हेनिसच्या मात्तेओ गोफ्रिलरने घडवलेला आहे आणि तो त्याला वापरायला दिलेला आहे. असली वाद्यं कुणी पगारातून विकत घेत नाही.

२०१६ साली शेकू ‘बीबीसी यंग म्युझिशियन’ ही स्पर्धा जिंकला. ही स्पर्धा १९७८ पासून भरते. तिचा तो पहिला काळा विजेता. आता मला सांगा, ३८ वर्षं ब्रिटनमधल्या काळ्या घरांत टॅलेंट जन्माला येत नव्हतं का? की २०१६ साली अचानक आभाळातून पडलं? ‘कलेला रंग नसतो’ म्हणणाऱ्याने आधी या ३८ वर्षांचा हिशेब द्यावा.

आणि ज्याला आपण ‘यशस्वी’ म्हणतो, त्याला तरी तोंड उघडायची मुभा आहे का? १९ मे २०१८ रोजी राजघराण्यातल्या लग्नात शेकूने चेलो वाजवला, तेव्हा सगळ्या देशाने त्याला डोक्यावर घेतलं. जानेवारी २०२४ मध्ये तो म्हणाला, की ‘रूल, ब्रिटानिया’ हे साम्राज्याचा गौरव करणारं गाणं मोठ्या मैफलीत ऐकून अनेकांना अस्वस्थ वाटतं आणि त्याऐवजी दुसरं काही वाजवता येईल. एवढंच. त्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. वाजव, पण बोलू नकोस. आपले गायक, आपले शाहीर, आपले विद्यार्थी यांना हेच ऐकवलं जातं ना? गा, नाच, करमणूक कर. प्रश्न विचारलास की तुझी लायकी काढू.

‘आरक्षण आलं की गुणवत्ता मेली’ हे रडगाणं गाणाऱ्यांसाठी आपल्याच मातीतलं उत्तर आहे. रखमानिनॉवचा हा सोनाटा मॉस्कोत पहिल्यांदा वाजला डिसेंबर १९०१ मध्ये. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, २६ जुलै १९०२ रोजी, छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या. याच शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते. ज्या राजाने आरक्षण दिलं, त्यानेच हिंदुस्थानी संगीतातला एवढा मोठा कलावंत सांभाळला. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली संस्थानची संगीतशाळा काढली आणि त्याच सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना कोलंबियाला जायला शिष्यवृत्ती दिली. कला आणि सामाजिक न्याय यांचं वैर आहे, हा शोध या राजांनंतर कुणी लावला, ते आपण ओळखतोच.

आता पहिल्या कार्यकर्त्याकडे वळतो. ‘हे आपलं नाही’ असं तो म्हणाला. मित्रा, आपलं काय आणि त्यांचं काय, हे वाद्याच्या जन्मगावावरून ठरवायचं, तर हार्मोनियमही जलशातून बाहेर काढावा लागेल. तोही युरोपातूनच आला. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. जात त्या चर्चमध्येही शिल्लक होती, तरीही त्या शाळांतून वादकांच्या पिढ्या तयार झाल्या. मुंबईच्या हिंदी सिनेमातला व्हायोलिन-चेलोंचा ताफा बहुतांशी त्याच गोवेकरांनी उभा केला. तो चेलो तू लहानपणापासून सिनेमाच्या गाण्यांत ऐकत आलायस. फक्त त्याचं नाव तुला कुणी सांगितलं नाही. आणि बाबासाहेबांनी उतारवयात हातात काय घेतलं? व्हायोलिन! इतक्या व्यापातून वेळ काढून ते व्हायोलिन शिकत होते. त्यांना कुणी विचारलं नाही की चळवळीशी याचा काय संबंध.

आपल्यातल्या या नकारामागचं दुखणं मला कळतं. गावकीत वाजवणं हे आपल्या माणसांवर लादलेलं काम होतं. वाद्याचं कातडं आपण कमवायचं, मिरवणुकीपुढे आपण वाजवायचं आणि देवळाच्या बाहेर आपणच थांबायचं. ते नाकारणं हा आपल्या स्वाभिमानाचा लढा होता आणि तो बरोबरच होता. पण लादलेलं वाजवणं नाकारणं वेगळं आणि जगातलं सगळं संगीत दुसऱ्याच्या नावावर करून देणं वेगळं. दुसरं केलं तर मक्तेदारीवर सही आपणच केली.

मग करायचं काय? शेकूने काय केलं ते पाहा. त्याने आपल्या जुन्या शाळेला ३००० पौंड दिले आणि त्यातून दहा मुलांचं चेलोशिक्षण चालू राहिलं. २०१८ साली या स्पर्धेच्या विजेत्यांनी मिळून जाहीर मागणी केली, की प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला वाद्य मोफत शिकायला मिळालं पाहिजे. त्यात शेकूही होता. जो वर पोचला, त्याने शिडी ओढून घेतली नाही.

आपण १४ एप्रिलला वर्गणी गोळा करतो. एका रात्रीच्या डीजेवर ती उडते आणि दुसऱ्या दिवशी कानठळ्यांशिवाय हाती काही उरत नाही. माझा प्रस्ताव सरळ आहे. येत्या जयंतीला डीजेचे पैसे वाचवा. दोन हार्मोनियम, दोन व्हायोलिन, एक कीबोर्ड घ्या. आठवड्यातून दोन दिवस शिकवणारा माणूस ठरवा, त्याला मानधन द्या आणि विहारात वर्ग सुरू करा. वाद्यं मुलांना घरी न्यायला द्या, कारण सरावाशिवाय हात बसत नाही. सोबत समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि महापालिकेच्या शाळांत संगीत शिक्षक नेमण्याची मागणी लावून धरा. वर्गणीतून एक वर्ग चालेल. जिल्हाभर वर्ग हवे असतील तर सरकारलाच खर्च करावा लागेल आणि तो आपला हक्क आहे.

आणि हो, तो अल्बम एकदा ऐका. रखमानिनॉवच्या सोनाट्यातला तिसरा, संथ भाग ऐका. पियानो एकटा सुरुवात करतो, मग चेलो तीच धून उचलतो. त्यात कुणी कुणाचा साथीदार नाही. दोघांचं काम बरोबरीचं आहे. आवडला नाही तरी चालेल. पण आपला नाही म्हणून बंद करू नका.

जयभीम! जयभारत!