लोगो थांबू शकतो, गिऱ्हाईक तुम्हाला काय म्हणून मागणार ते आधी ठरवा

आमच्या दुकानात एका फळीवर सध्या नवीन उद्योजकांचे सात कांदा-लसूण मसाले आहेत. सातही पाकिटं लाल. मिरच्यांचा ढीग, नाहीतर खलबत्ता, नाहीतर नऊवारीतली बाई. आणि सातही पाकिटांवर 'घरगुती चव'. मसाले वाईट नाहीत हो, त्यातले दोन-तीन तर फारच चांगले आहेत. पण गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "मागच्या वेळी नेला होता ना, तो लाल पाकिटातला द्या." मी तीन-चार पाकिटं समोर ठेवतो. त्यांना आठवत नाही. मग दहा रुपयांनी स्वस्त असेल ते घेऊन जातात. ज्याचा मसाला आवडला होता त्याच्या हातून आलेलं गिऱ्हाईक गेलं, आणि त्याला ते कळलंही नाही.

माझ्या मते नव्या धंद्यासाठी ब्रँडची ओळख म्हणजे एवढंच: तुमचं नाव विसरलेलं गिऱ्हाईक तुम्हाला काय सांगून मागतं? बीबीएला आम्हाला ब्रँड आयडेंटिटीचा सहा बाजूंचा प्रिझम होता. परीक्षेला चांगला उपयोगी पडला. काउंटरवर मात्र गिऱ्हाईक एकच बाजू लक्षात ठेवतं, तीही जमली तर.

तरी क्लासला येणारा प्रत्येक जण आधी लोगो दाखवतो. भांडवल दीड लाख, त्यातले वीस-पंचवीस हजार लोगो, व्हिजिटिंग कार्ड आणि बॉक्सवर गेलेले. "सर, रंग कसा वाटतो?" अहो, रंग छान आहे. पण विकताय काय, कोणाला, आणि शेजारच्या पाकिटापेक्षा वेगळं काय? इथे उत्तर येतं, "क्वालिटी." क्वालिटी तर सगळेच म्हणतात.

पुण्याच्या चितळ्यांचं बघा. दुपारी १ ते ४ दुकान बंद, यावर महाराष्ट्राने किती विनोद केले! ही ओळख कुठल्या डिझायनरने काढून दिली नव्हती, ती वागण्यातून तयार झाली. २०१७ मध्ये त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, तर त्याचीही बातमी झाली. म्हणून उद्यापासून तुम्ही दुपारी शटर ओढू नका! त्यांच्याकडे बाकरवडी होती म्हणून लोक चारपर्यंत थांबले.

आमच्या एका बॅचमधल्या ताईंचं उदाहरण देतो. त्या म्हणायच्या, माझा मसाला सगळ्यांसाठी आहे. मी म्हटलं, वही काढा, दुसऱ्यांदा कोणी घेतला ते बघू. बऱ्याच नावांपुढे एकच गोष्ट निघाली: मुलगा पुण्यात रूम करून राहतो, त्याला पाठवायला. त्या मुलाला अर्धा किलोची बरणी नकोच असते, त्याला किती चमचे टाकायचे तेच कळत नाही. ताईंनी एका भाजीपुरती छोटी पाकिटं केली. मागे तीन ओळींत कृती. साधी पांढरी पिशवी, वर स्टिकर. आता लोक "ती एका भाजीची पाकिटं आहेत का?" असं विचारतात. अर्धा किलोच्या ऑर्डरी त्यांनी बंद केल्या. घरातून विरोध झाला, कारण येणारा पैसा नाकारायला पोटात गोळा येतो. पण मला विचाराल तर ओळख तिथेच पक्की झाली. सगळं ठेवणाऱ्याला कोणी कशासाठीच लक्षात ठेवत नाही.

आता नावाबद्दल, कारण इथे खरा पैसा बुडतो. 'एका भाजीचं पाकीट' ही ओळख उत्तम, पण ट्रेडमार्क म्हणून हे नाव मिळणं अवघड. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण किंवा गाव सांगणारे नुसते शब्द सहसा एकट्याच्या मालकीचे होत नाहीत. 'शुद्ध मसाले', 'कोल्हापुरी चव' यांचंही तेच. म्हणून नाव वेगळं हवं, आणि वर्णन त्याच्या खाली. पाकिटं छापण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर शोध घ्या, तो फुकट आहे. उच्चाराने सारखी नावंही तिथे शोधता येतात. मसाले वर्ग ३० मध्ये, लोणचं वर्ग २९ मध्ये. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची, पुढे नूतनीकरण. नावाशेजारी टीएम तुम्ही आजही लावू शकता. गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, त्याआधी लावणं गुन्हा आहे. बाजारात कितीतरी जण बिनधास्त लावतात, तुम्ही लावू नका.

छापील पाउचची घाई तर अजिबात नको. रोटो छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो, त्याचा खर्च वेगळा, आणि कमीत कमी मालाची अट हजारोंत असते. तीन महिन्यांनी नाव किंवा वजन बदललं की तो सगळा ढीग माळ्यावर. पहिली पाचशे पाकिटं स्टिकरवरच विका.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. नाव इंग्रजी अक्षरांतच डिझाइन करून घेतात. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरी मराठी अक्षरं आधी आणि इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असा नियम आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही तो लागू झाला. मग पाटी करायची वेळ आली की पेंटर त्याच्या मनाने देवनागरी लिहितो, आणि पाकिटावरचं नाव एक, पाटीवरचं भलतंच दिसतं. त्यामुळे डिझायनरला पहिल्याच दिवशी सांगा, नाव देवनागरीत काढ, इंग्रजी नंतर. आणि मूळ फाइल व हक्क तुमच्या नावावर केल्याचं लेखी घ्या, पैसे देण्याआधी.