हिवाळी सहल : एक दिवस बर्फासाठी राखून ठेवा

भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांचे घड्याळ ड्युटीच्या पाळ्यांवर चालते. अशा घरात दहा-अकरा दिवसांची सलग रजा मिळणे म्हणजे मोठीच मिळकत. थंडी सुरू झाली की मुलांचा हट्ट ठरलेला : बर्फ पाहायचा! आई-बाबा उत्साहाने तिकिटे काढतात. पण सिमल्याला पोहोचल्यावर दिसते ते स्वच्छ निळे आभाळ आणि कोरडी जमीन. मुले हिरमुसतात, रजा मात्र संपत आलेली असते.

बर्फ कोणाच्या रजेप्रमाणे पडत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेबरोबर तो येतो. हिमाचलात २०२३ चा डिसेंबर आणि २०२४ चा जवळजवळ पूर्ण जानेवारी कोरडा गेला. नाताळपेक्षा जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारीत बर्फाची शक्यता अधिक असते. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर तेव्हा निघणे कठीण. म्हणूनच सहल अशी आखावी, की बर्फ दिसला तर दुधात साखर, नाही दिसला तरी कोणी रिकाम्या हाताने परतू नये.

मार्ग कसा ठरवाल?

दुर्गहून रेल्वेने दिल्ली गाठा. एक दिवस लाल किल्ला, कुतुबमिनार पाहण्यात जाईल. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, हे आधीच लक्षात घ्या. पुढे काळकापर्यंत जायला दिल्लीहूनच सुटणारी गाडी निवडा. लांबून येणाऱ्या गाड्या धुक्यात फार रखडतात.

काळका-सिमला ही छोटी रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये जागतिक वारसा ठरली. ९६ किलोमीटरच्या प्रवासाला पाच तासांहून अधिक वेळ लागतो. पण शंभराहून जास्त बोगदे मोजताना मुलांना कंटाळा येत नाही. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुले होते. तेव्हा रजा मंजूर करून घ्यायला उशीर नको.

सिमल्यात तीन मुक्काम ठेवा आणि त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा सोडा. शहरात बर्फ नसेल तर त्या दिवशी कुफरी किंवा नारकंड्याला जाता येईल. जोराचा बर्फ पडून रस्ता बंद झाला, तर हाच दिवस तुमची पुढची तिकिटे वाचवील.

उतरताना चंदीगडमार्गे अमृतसरला जा. सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग आणि दुसऱ्या दिवशी घुमान. संत नामदेवांचे वास्तव्य लाभलेल्या या गावी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे मुलांना तिथे सांगितले तर ती विसरणार नाहीत. आजी-आजोबांनाही बर्फापेक्षा हा मुक्काम अधिक आवडेल. अमृतसरहून छत्तीसगढ एक्सप्रेस थेट दुर्गला आणते. दिल्ली-पंजाबच्या धुक्यात तिला उशीर होऊ शकतो, म्हणून पोहोचल्या दिवशीच ड्युटी लावून घेऊ नका.

हेही ध्यानात ठेवा

● भिलाईच्या थंडीला पुरणारा एकच जाड स्वेटर तिथे उपयोगाचा नाही. पातळ कपड्यांचे तीन थर घाला. आतला सुती नको, कारण घामाने ओला झालेला सुती कपडा लवकर वाळत नाही.

● बर्फातले बूट आणि कोट विकत घेऊ नका. वाटेवरच्या दुकानांत भाड्याने मिळतात. लोकरी मोजे मात्र स्वतःचे, दोन जोड जास्त घ्या.

● बर्फावरून परावर्तित होणारे ऊन डोळे आणि त्वचा भाजते. काळा चष्मा आणि क्रीम सर्वांनाच हवे.

● सकाळी रस्त्यावर गोठलेला पाण्याचा पातळ थर दिसत नाही. गुडघेदुखी असलेल्या वडीलधाऱ्यांनी ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे. रक्तदाब किंवा दम्याची औषधे हातातल्या पिशवीत असू द्या.

● बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. तिचा विषारी वायू वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो.

आणि मुलांना निघताना 'बर्फ दाखवतो' असे वचन देऊ नका. 'डोंगर पाहायला जाऊ' एवढेच सांगा. मग खिडकीबाहेर पहिला पांढरा कण दिसला, तर तो आनंद साऱ्या घराचा असेल.