दात्याचे नाव आणि आपली गुप्तता

कृत्रिम रेतन हा शब्द आपण गावाकडे गाईम्हशींसाठीच ऐकलेला, त्यामुळे इथल्या डॉक्टरने आययूआय म्हटले की बरे वाटते. प्रकार साधा आहे. धुऊन निवडलेले शुक्राणू बारीक नळीने थेट गर्भाशयात सोडतात. वैद्यकीय कारण असेल तर खर्च बेसिक विम्यात बसतो, अर्थात आयखन रिसिको आधी खिशातून.

शुक्राणू नवऱ्याचेच असतील तर पुढचे काही लागू नाही. दाता लागला तर मात्र नेदरलँड्सचा कायदा समजून घ्यावा. १ जून २००४ पासून इथल्या क्लिनिकमध्ये निनावी दाता चालत नाही. मूल १६ वर्षांचे झाले की दात्याचे नाव मागू शकते. बारेन्द्रेख्तच्या डॉ. यान कारबाट यांनी क्लिनिकमध्ये स्वतःचेच शुक्राणू वापरले होते. ते ४९ मुलांचे पिता असल्याचे २०१९ मध्ये डीएनए चाचणीतून सिद्ध झाले. एप्रिल २०२५ पासून एका दात्याला जास्तीत जास्त १२ कुटुंबे, ही मर्यादाही कायद्यात आली.

भारताच्या २०२१ च्या कायद्यात एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात, पण नाव गुप्त राहते. म्हणून "पुण्याला जाऊन उरकून येऊ" असे काहींना वाटते. आम्हाला ते पटत नाही. डीएनए चाचणीचे किट आज कोणीही घरी मागवू शकतो. आजी-आजोबांना सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा, पण मुलाला मात्र ते लहान असतानाच, तुमच्याच तोंडून कळू द्या.