त्यागाच्या कथेत हरवलेला कारखाना

आचार्य प्रफुल्लचंद्र राय १६ जून १९४४ रोजी कोलकात्याच्या विज्ञान महाविद्यालयातील आपल्या राहत्या खोलीत निवर्तले. त्याला आता आठ दशके उलटून गेली आहेत. मराठीत त्यांच्याविषयी जे थोडेफार लिहिले-बोलले जाते त्यात एकच चित्र पुनःपुन्हा भेटते: अविवाहित, कृश, खादीधारी प्राध्यापक, एका खोलीत राहणारा, मिळकत विद्यार्थ्यांवर आणि लोककार्यावर उधळून मोकळा होणारा. हे चित्र खोटे मुळीच नाही. वयाच्या साठीनंतरचे आपले वेतन त्यांनी विद्यापीठालाच देऊन टाकले होते. तरीही या चित्राने राय यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी प्रतिपादन झाकले गेले आहे, असे मला वाटते.

या चित्राचा उगम शोधू गेल्यास तो एका मराठी माणसापाशी सापडतो. १९०२च्या आरंभी गांधीजी कोलकात्यात गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे मुक्कामाला होते. राय तिथे नित्य येत. गोखल्यांनी त्यांची ओळख कशी करून दिली, हे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे: हे प्राध्यापक राय, यांना महिना आठशे रुपये मिळतात, त्यांतले चाळीस स्वतःसाठी ठेवून बाकीचे ते सार्वजनिक कामाला देतात, लग्न केलेले नाही, करण्याची इच्छाही नाही. भारत सेवक समाजाच्या भावी संस्थापकाला मित्रात जे दिसावे तेच दिसले. पण तारखा पाहाव्यात. राय यांचा औषधे व रसायने बनवणारा कारखाना आदल्याच वर्षी, १९०१ साली, ‘बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स’ या नावाने मर्यादित कंपनी झाला होता. आणि त्यांच्या ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड त्याच १९०२ साली प्रसिद्ध झाला. गांधीजींनी नोंदवलेल्या त्या परिचयात कारखानाही नाही आणि ग्रंथही नाही. पुढच्या शंभर वर्षांच्या स्मरणलेखांनी साधारणपणे हाच मजकूर वाढवत नेला.

आता कारखान्याकडे वळू. एडिंबरोची डी.एस्सी. पदवी घेऊन परतलेल्या राय यांना प्रेसिडेन्सी कॉलेजात १८८९ साली नोकरी मिळाली, ती अडीचशे रुपयांची. १८९२च्या सुमारास हजार रुपयांहूनही कमी भांडवलावर त्यांनी अप्पर सर्क्युलर रोडवरील आपल्या भाड्याच्या घरात औषधे तयार करण्यास प्रारंभ केला. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढण्याचा प्रयोग परवडेना म्हणून सोडावा लागला. मग फॉस्फेटसाठी खाटकांकडून जनावरांची हाडे आणून गच्चीवर वाळत घातली. अवेळी पाऊस आला, हाडांना किडे पडले, कावळ्यांचे थवे जमले आणि शेजारी तक्रार घेऊन आले. जमीनदार घराण्यात जन्मलेला, सरकारी महाविद्यालयात शिकवणारा हा गृहस्थ सकाळ-संध्याकाळ या उद्योगात गढलेला असे. अडुळसा, ओवा यांसारख्या देशी वनस्पतींची औषधे डॉक्टरांनी लिहून द्यावीत, यासाठी त्यांचे सहकारी डॉ. अमूल्यचरण बोस खटपट करीत. १८९८ साली प्लेगने त्यांचा बळी घेतला. सतीशचंद्र सिंह हा दुसरा तरुण सहकारी प्रयोगशाळेतच प्रुसिक आम्लाच्या विषबाधेने गेला. या उद्योगाची किंमत अशी मोजली गेली होती.

हे सारे ‘इतिहासा’च्या पहिल्या खंडाशेजारी ठेवून वाचावे. प्राचीन भारतातील शास्त्रीय वृत्ती का लोपली, याची चिकित्सा राय यांनी त्यात केली आहे. कलाकौशल्ये आणि हातकाम खालच्या मानल्या गेलेल्या जातींकडे गेले, बुद्धिजीवी वर्ग त्यापासून अलग झाला, शवाला स्पर्श निषिद्ध ठरल्याने शल्यविद्या मागे पडली. कारणाचा शोध घेणारे मन आणि काम करणारा हात यांची ताटातूट झाली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे वाचल्यावर गच्चीवरची हाडे निव्वळ चरित्रातली गंमत राहत नाहीत. ग्रंथाने ज्या दुराव्याचे निदान केले, त्यावरचा उपचार कारखान्यात चालू होता. ग्रंथ आणि कारखाना हे एकाच युक्तिवादाचे दोन भाग आहेत. अशा माणसाला आपण विरक्त ऋषी म्हणून मखरात बसवतो, तेव्हा ज्या कामात हात घालण्याचा त्याने आग्रह धरला त्यापासून त्याचे हात आपणच स्वच्छ धुऊन टाकतो.

साहित्याच्या अभ्यासकांना आणखी एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. १९०३ साली या कारखान्यात रसायनशास्त्राचा एक पदवीधर रुजू झाला, पुढे व्यवस्थापक झाला आणि तीसेक वर्षे तिथे राहिला. तो म्हणजे राजशेखर बसू. ‘परशुराम’ या नावाने बंगालीत श्रेष्ठ विनोदी कथा लिहिणारा आणि ‘चलंतिका’ हा शब्दकोश सिद्ध करणारा लेखक तो हाच. ‘श्रीश्रीसिद्धेश्वरी लिमिटेड’ ही त्याची १९२२ची कथा देवीच्या नावे शेअर विकणाऱ्या भोंदू कंपनीची आहे. हिशेबवह्या रोज पाहणाऱ्याच्या लेखणीतून ती उतरली आहे, हे तिच्या तपशिलांत जाणवते. व्यापार हा वाङ्मयाचा शत्रू आहे, ही आपल्या वर्गखोल्यांतली रूढ समजूत निदान इथे तरी टिकत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. राय यांचा त्याग खरा होता आणि त्यांच्या आत्मचरित्रातही तो दडलेला नाही. मग स्मरणलेखांना दोष का द्यावा? माझे म्हणणे क्रमाविषयी आहे. त्यागाला अर्थ येतो तो देण्याजोगे काही निर्माण झाल्यावर. निर्मितीची हकीकत गाळून दानाचीच सांगितली, तर विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते एवढेच, की पैसा मिळवणे गौण आणि सोडणे थोर. राय तरुणांना याच्या नेमके उलट सांगत आले होते. पदव्या आणि कारकुनीच्या मागे धावण्यात बंगाली बुद्धीचा गैरवापर होतो, ही त्यांची आयुष्यभराची तक्रार होती.

कंपनीचा पुढचा प्रवास निष्कंटक नव्हता. १९७७ साली तिचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले आणि १९८० साली राष्ट्रीयीकरण झाले. मुंबईतही १९३८ साली तिचा कारखाना निघाला. प्रभादेवीत ‘बेंगॉल केमिकल’ हे नाव आजही पत्ता सांगताना कानावर येते. त्या नावामागच्या माणसाविषयी आपण पुन्हा लिहू, तेव्हा चाळीस रुपयांची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र तिच्या आधी गच्चीवरच्या हाडांची सांगावी.