पाळी कोणाची चुकली?

परवा भिवंडीत एका व्याख्यात्यांनी भरघोस टाळ्या घेतल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: 24 आठवड्यांनंतर गर्भ बाहेरही जगू शकतो, म्हणून त्यापुढचा गर्भपात म्हणजे खून, कायद्याने दिलेली मुदत भरपूर आहे, उशिरा येते ती बाई बेफिकीर. सभागृहात बायका मोजून चार. त्यातल्या दोघी चहा द्यायला आलेल्या.

तो ‘बेफिकीर’ आधी निवडून काढू. आमच्या गावात पाळीचे अर्थ दोन. लूमवरची पाळी चुकली की त्याच दिवशी मजुरी कापतात. बाईची चुकली, तर ‘थांब, येईल’ म्हणतात. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे शंका येते तेव्हाच चार आठवडे खर्ची पडलेले. व्यंग शोधायची सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांत. त्यासाठी पैसे जमायचे, नवऱ्याने खाडा करायचा, झाले 22. गर्भाच्या हृदयाबद्दल शंका निघाली, तर ठाणे-मुंबईच्या खेपा, झाले 24. मेंदूचे काही दोष तर त्यानंतरच दिसतात. यातल्या कोणत्या आठवड्यात बेफिकिरी झाली, ते व्याख्यात्यांनी बोट ठेवून दाखवावं.

आमच्याच ठाणे जिल्ह्यातल्या भाईंदरची एक गर्भवती 2008 साली उच्च न्यायालयात गेली होती. मुदत तेव्हा 20 आठवड्यांची, आणि गर्भाच्या हृदयातला दोष कळला तो त्यानंतर. न्यायालयाने नकार दिला. पुढे काही दिवसांतच तिचा गर्भ आपोआप पडला. काही कारणांसाठी मुदत 24 आठवड्यांवर न्यायला 2021 साल उजाडलं. तेरा वर्षं! पाळी चुकली ती कायद्याची. बोल मात्र बाईला.

उरलेले मुद्दे झटपट. मुलगी नको म्हणून गर्भ पाडतील? गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा 1994 पासून आहे, तो पाळा. गर्भाची जगण्याची क्षमता? ती गर्भाइतकीच जवळपासच्या काचपेटीवर ठरते. बायका मोकाट सुटतील? हे 1971 च्या कायद्यापासून ऐकतोय. पन्नास वर्षांत फक्त वक्ते मोकाट सुटले.

मग माझं म्हणणं काय? छोटंसंच आहे. गंभीर व्यंग असेल तर 24 आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या संमतीने वाट आहे. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं, असा नियम आहे. पण अत्याचारातून दिवस गेलेल्या मुलीला 24 नंतर ही वाट नाही. तिला कोर्टाची पायरी. 2024 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलीला मुंबईत नकार आणि दिल्लीत होकार मिळेपर्यंत जवळपास 30 आठवडे झाले. शेवटी आईवडिलांचंच मन बदललं आणि तो आदेश मागे घेतला गेला. व्याख्याते हे उदाहरण आनंदाने उचलतील. खुशाल उचला, उशिराने वाट किती अवघड होते, त्याचाच तो दाखला आहे.

जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गंभीर व्यंगाच्या प्रकरणात 33 आठवड्यांना परवानगी देताना निर्णय त्या बाईचा, मंडळाचा नव्हे, असं स्पष्ट केलं. मला तेवढंच हवंय, आणि तेही कोर्टात न जाता: डॉक्टरांनी धोका सांगावा, शेवटचा शब्द तिचा. तो सोपा असतो असं मी म्हणत नाही.

पुढच्या व्याख्यानाला माइक त्या दोघींकडे द्यावा. चहा व्याख्यात्यांनी वाटावा.